आतल्या माणसाची वाट



आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागेत कुलपांचा जो कारखाना काढला, तो वाढत वाढत ज्या विक्रोळीस स्थिरावला, तिच्या शेजारी घाटकोपरात द्वारनियंत्रणाच्या व्यवसायातील आपणां सर्वांची परिषद भरावी, हे सर्वथा उचित आहे. त्या काळी कुलपाची परीक्षा एकच होती : चोरास ते उघडते की नाही. आज अंधेरीच्या सीप्झमधील कचेऱ्यांपासून मुलुंडच्या उत्तुंग इमारतींपर्यंत शेकडो दारे एकेका संगणकाच्या अमलाखाली गेली असता आपण ती जुनीच परीक्षा घेत बसलो आहो, अशी माझी तक्रार आहे.

यंत्रणेचे शास्त्र तसे गहन नाही. कार्ड रीडरजवळ नेले की रीडरच्या चुंबकीय क्षेत्रातूनच त्यातल्या चिपेस शक्ती मिळते, ती आपला क्रमांक सांगते, कंट्रोलर तो आपल्या दप्तराशी ताडून पाहतो आणि चौकटीवरील विद्युच्चुंबकाचा प्रवाह क्षणभर तोडतो. सुमारे पावणेतीनशे किलोंचा ओढा सोसणारे हे चुंबक वीज जाताच निर्बल होते; उलट काही खटक्याची कुलपे वीज गेल्यावर बाहेरून बंदच राहतात. कोणत्या दारास कोणते बसवावे यात मतभेदास जागा आहे. जिन्याच्या दारापुरती मात्र ती मुळीच नाही. आगीची घंटा होताच प्रवाह तुटला पाहिजे, आणि तोही घंटेच्या पॅनेलमधून निघालेल्या स्वतंत्र तारेने. सर्व्हरची, अथवा देखरेख कक्षातील कोणा साहेबाची मंजुरी त्या वाटेत येता कामा नये. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे जाळे कोसळले तेव्हा त्यांच्याच कर्मचाऱ्यांची कार्डे दारांवर निकामी ठरल्याचे वृत्त आपण वाचले आहे.

अंधेरी पूर्वेच्या एका व्यापारी संकुलाची पाहणी करीत असता मला असे आढळले, की बाहेरचा रीडर आरशासारखा लखलखीत, आणि आतून दार सोडविण्याचा हिरवा डबा पाण्याच्या जारांच्या चळतीमागे पार दडलेला! विचारणा करता व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, "पोरं उगाच दाबतात हो, मग अलार्म वाजत बसतो." त्या सद्‌गृहस्थांस मी दोष देत नाही, तो डबा कशासाठी आहे, हे मक्तेदाराने त्यांना सांगितलेच नव्हते.

रायगडचे दरवाजे सूर्यास्तास बंद झाले आणि तान्ह्या बाळासाठी हिरकणी कडा उतरून गेली, ही आख्यायिका आपण सारे मातेच्या धैर्यासाठी सांगतो, ते योग्यच. परंतु द्वारशास्त्राच्या अभ्यासकाने त्या कथेत आणखी एक गोष्ट पाहावी : बंदोबस्त चोख होता, आणि अडकली ती आत आलेली निरपराध दूधवाली. आपल्या इमारतींत कडा उतरण्याची सोय नाही.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईसह उपनगरांची वीज एकाएकी गेली. अशी वेळ पुन्हा येईल, हे गृहीत धरूनच तजवीज व्हावी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमानुसार इमारतींच्या मालकांस दर जानेवारी व जुलै महिन्यांत अग्निशमन व्यवस्थेचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. माझी आपणांस विनंती एवढीच, की येत्या जुलैत त्या तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहा, घंटा वाजवा, मुख्य पुरवठा बंद करा, आणि जिन्याचे प्रत्येक दार कार्डाविना आतून उघडून पाहिल्याखेरीज आपल्या देयकावर सही मागू नका.