दारू न पिणाऱ्या बाईचं लिव्हर



मागच्या बैठकीनंतर आमच्या गटातल्या एक ताई मागं थांबल्या. पिशवीतून सोनोग्राफीचा कागद काढून हळूच म्हणाल्या, "लिव्हरवर चरबी आहे, सूजही आहे म्हणतात. घरी सांगितलं नाही. लोक म्हणतील, ही चोरून पिते." ताईंनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. त्यांना शुगर आहे, वजन वाढलंय. त्यांना विचारूनच मी हे सांगतेय.

लिव्हर म्हणजे यकृत. बकऱ्याची कलेजी आपण पाहतो, तेच. माणसाचं साधारण दीड किलोचं, उजव्या बरगडीखाली. आतड्यातलं रक्त आधी तिथं जातं. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश या वाटेनं येतं.

आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. बरेचसे आपल्या कामाचे. पण काहींच्या अंगावरच्या आवरणात विष असतं. जिवाणू मेला की ते सुटतं. डॉक्टर त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. आतड्याचं अस्तर शेताच्या बांधासारखं त्याला अडवून धरतं. थोडं पाझरलंच, तर लिव्हरमधल्या राखणदार पेशी ते गिळून टाकतात.

दारूनं हा बांध ढिला होतो. लठ्ठपणा आणि शुगर असेल तरी होऊ शकतो. मग विष रोज पाझरतं. राखणदार पेशी सतत खवळलेल्या राहतात आणि लिव्हरला सूज येते. आधीच चरबी साठलेली असेल तर त्रास वाढतो. ही सूज वर्षानुवर्षं राहिली की दुसऱ्या पेशी तिथं व्रणाचे धागे विणू लागतात. भाजलेल्या हातावर कडक वण राहतो ना, तसंच. सगळं लिव्हर असं गाठाळ, कडक झालं की तो सिरॉसिस. दुखत नाही म्हणून हे लवकर कळत नाही. पण लवकर कळलं, तर सूज उतरते आणि सुरुवातीचे वण कमीही होऊ शकतात.

मग करायचं काय? दारू पूर्ण बंद. चहातली साखर, थंड पेयं, तळलेलं कमी. भाकरी, मटकी, डाळी, पालेभाजी रोज. त्यातल्या चोथ्यावर चांगले जिवाणू जगतात आणि बांध मजबूत ठेवतात. वजन जास्त असेल तर हळूहळू उतरवा. सत्तर किलोच्या बाईनं पाच-सात किलो कमी केलं तरी सूज उतरायला मदत होते. शुगरची गोळी चुकवू नका. "लिव्हर साफ करणारी" चूर्णं, झाडपाला मनानं घेऊ नका. काहींनी लिव्हर आणखी बिघडतं.

डोळे पिवळे झाले, पोटात पाणी साठलं, उलटीत रक्त आलं, शौचाला डांबरासारखी काळी झाली, किंवा माणूस बरळू लागला, तर कावीळ उतरवणाऱ्याकडे नको, थेट दवाखान्यात.

ताईंनी आता घरी सांगितलंय. रोज संध्याकाळी सून त्यांच्याबरोबर चालायला जाते. तुमच्या पेटीतही असा एखादा कागद दडवलेला असेल, तर तो बाहेर काढा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.