सरावातले विजय

फेब्रुवारीत शिकागो शहर थंडीने गारठलेले असते, तेव्हा तेथील ‘व्हाइट सॉक्स’ हा बेसबॉल संघ अ‍ॅरिझोनातील ग्लेनडेलच्या उन्हात सराव करीत असतो. तेथले जयपराजय हंगामाच्या हिशेबात धरले जात नाहीत. तरी चाहता ते भक्तिभावाने वाचतो. बिचाऱ्याने सोसलेही फार आहे! २०२४ साली त्याच्या संघाने १६२ पैकी १२१ सामने गमावले. त्याच डिसेंबरात गॅरेट क्रोशे हा तेजस्वी गोलंदाज बोस्टनला देऊन संघाने चार होतकरू तरुण घेतले. २०२५ मध्ये क्रोशेने बोस्टनसाठी २५५ फलंदाज ‘स्ट्राइकआउट’ केले. इकडे त्या चौघांपैकी काइल टील शिकागोकडून चमकू लागला, आणि पराभव १०२ वर आले. यात हसावे की रडावे?

ह्यूस्टनने २०१३ साली १११ सामने गमावले आणि २०१७ साली अजिंक्यपद जिंकले, असे तो मनाला समजावतो. परंतु पिट्सबर्गच्या चाहत्यांनी १९९३ पासून लागोपाठ वीस हंगाम विजयांपेक्षा पराभवच अधिक पाहिले, हेही त्याला ठाऊक असते. वीस वर्षांत पाळण्यातले मूल कर्ते होते! तरीही ग्लेनडेलला एखाद्या कोवळ्या पोराने चेंडू कुंपणापार धाडला, की हा गृहस्थ मुकाट्याने एप्रिलची तिकिटे काढतो.