पोरांना सूर्यमाला कशी दाखवावी
(खेड्यातील एका शाळामास्तरांनी पालकमंडळींपुढे केलेले भाषण)

मायबापहो,

तुमच्या पोरांच्या पुस्तकात सूर्यमालेचे एक चित्र आहे. मधोमध सूर्य आणि भोवती आठ ग्रह, पंगतीला मांडी घालून बसल्यासारखे. ते पाहून पोरे बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून अशी नावे घडाघडा म्हणतात. तुमच्यापैकी पुष्कळांच्या वेळी नववा प्लूटो होता. त्याला 2006 साली खगोलशास्त्रज्ञांनी पंगतीतून उठविले व बटुग्रह ठरविले. पण नावे तोंडपाठ झाली म्हणजे ज्ञान झाले असे मी मानीत नाही. त्या चित्रात माप खोटे असते. छापणाऱ्याचा त्यात दोष नाही, पानात खरे माप मावतच नाही. ते आपल्या शिवारात मावते, म्हणून येत्या शनिवारी सकाळी ते शिवारातच घालावे असे योजिले आहे. त्यासाठी तुमची परवानगी मागावयास उभा आहे.

माप असे. पृथ्वी म्हणजे जोंधळ्याचा एक दाणा धरा. मग सूर्य केवढा? एक हात रुंदीचे मडके! ते मडके कुंभारदादांनी देऊ केले आहे. ते शाळेच्या दारात ठेवून पोरे टेपाने मोजीत निघतील. 18 मीटरवर बुध, तो मोहरीएवढा. 34 मीटरवर शुक्र, जोंधळ्याच्या दाण्याहून किंचित बारका. 47 मीटरवर आपण. 72 मीटरवर मंगळ, बाजरीचा दाणा. इथवर गाव संपत नाही. पुढे मात्र चाल लांबते. गुरू हा सर्वांत मोठा, तरी लिंबाएवढाच, आणि तो 245 मीटरवर. शनी आवळ्याएवढा, 450 मीटरवर. युरेनस म्हणजे बोर, 900 मीटरवर. नेपच्यूनही बोरच, पण ते ठेवायला जवळ जवळ दीड किलोमीटर, शिवेकडे जावे लागेल. मधली सगळी जागा रिकामी. पोरांचे पाय दुखले पाहिजेत. ते रिकामेपण पायांनाच कळते.

आणि चंद्र? राजगिऱ्याचा एक दाणा, आपल्या जोंधळ्यापासून अर्ध्या वितीवर. 1969 साली माणूस पहिल्याने तिथे उतरला आणि 2023 च्या ऑगस्टात आपले चंद्रयान त्याच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरले, ती एवढी मजल. याच मापाने सूर्याखेरीज सर्वांत जवळचा तारा ठेवू म्हटले, तर तो सुमारे 12,600 किलोमीटरवर ठेवावा लागेल.

तुम्ही म्हणाल, हे सारे पुस्तकी. पण यातला अर्धा हिशेब तुम्ही दरसाल करता. जूनच्या 7-8 तारखेला मृग निघाला म्हणता आणि पाभरी बाहेर काढता. मृग निघाला म्हणजे काय झाले? सूर्य मृगाच्या तारकांच्या दिशेला आला. त्या तारका मग दिवसा आकाशात असतात आणि उजेडात दिसत नाहीत. तेच जानेवारीत रात्रीची जेवणे झाल्यावर अंगणात या. मृग चांगला वर आलेला असतो आणि त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण शेंबडे पोरही दाखविते. मधल्या काळात तारे हलले नाहीत. आपली पृथ्वी मडक्याच्या पलीकडल्या अंगाला गेली. घाण्याच्या बैलाची झापडे काढली, तर त्याला घाण्यामागे कधी भिंत दिसेल, कधी दार. भिंत फिरते असे तेलीदादा म्हणणार नाहीत.

आता ज्याची तुम्हांला भीती वाटते त्याकडे वळतो. शनीला सूर्याभोवती एक फेरा करायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे अडीच वर्षे. मागची, चालू आणि पुढची अशा तीन राशी धरल्या की झाली साडेसाती! यात भागाकार आणि गुणाकार यापलीकडे काय आहे? शिवाय बारांत तीन राशींना ती सदाच लागलेली असते, म्हणजे चार माणसांमागे एक. ज्याचे बियाणे बुडाले त्याला ती आठवते. शेजाऱ्याला त्याच साडेसातीत दुप्पट पीक आले, तर त्याचे नाव कोणी काढीत नाही. शनी अगदी जवळ आला तरी 120 कोटी किलोमीटरवर असतो. त्याच्या शांतीला दिलेले पैसे मात्र तुमच्या खिशातूनच जातात.

मंगळाचे तर सांगायलाच नको. तो तांबडा दिसतो तो मातीतल्या लोखंडाच्या गंजामुळे, लोहारदादांच्या दारातल्या जुन्या पहारीवर चढतो तसलाच. 24 सप्टेंबर 2014 रोजी आपले मंगळयान त्याच्याभोवती फिरू लागले. आणि इकडे त्याच मंगळापायी चांगली शिकलेली मुलगी स्थळावाचून घरी बसते! नवग्रहांच्या यादीत सूर्य आहे, तो तारा. चंद्र आहे, तो उपग्रह. राहू-केतू हे पदार्थच नव्हेत, चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू. बिंदू कोणाला गिळणार?

ग्रहण म्हणजे सावली, हे आर्यभटाने 499 साली लिहून ठेविले आहे. तरी पोरांना घरात कोंडतात आणि पोटुशी बाईला विळीला हात लावू देत नाहीत. शनिवारी पोरे पृथ्वीच्या जागी उभी राहून, एक डोळा मिटून, हातभर अंतरावर वाटाणा धरतील. एवढे मोठे मडके त्या वाटाण्याआड जाईल. चंद्र सूर्याहून सुमारे 400 पट लहान आणि 400 पट जवळ, म्हणून तो असाच सूर्याला झाकतो. 2 ऑगस्ट 2027 रोजी दुपार कलल्यावर आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळ्याचे दिवस, तेव्हा ढगांनी कृपा केली तरच. नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे कोणीही पाहू नये, डोळे जातात. पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून भिंतीवर प्रतिमा पाडू.

तर शनिवारी मुलींनाही पाठवा. धाकटे भावंड कडेवर असेल तर तेही येऊ द्या. पोरे बांधावरूनच चालतील, पीक तुडवणार नाहीत याची हमी माझी. प्रत्येक ग्रहाच्या जागी एक काठी रोवून चिठ्ठी बांधू, ती महिनाभर राहू द्यावी. शनीची काठी कोणाच्या शेतात येते ते मोजल्यावर कळेल. ज्याच्या शेतात येईल त्याने ती रातोरात उपटून शेजाऱ्याच्या शेतात रोवू नये.