उपचार संपले, पुढे काय?

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही. पेशंटला घेऊन लोणावळ्याहून गाडीने दादरला उतरणारे आणि परळच्या टाटा हॉस्पिटलात रांगेत बसणारे आम्ही लोक. 1941 साली सुरू झालेल्या त्या हॉस्पिटलातून बरे होऊन आलेले आपल्यातही आहेत. आज बोलायचं आहे ते त्यानंतरच्या वर्षांबद्दल. कारण गाव एकच म्हणतं, "बरी झाली ना, मग आता काय?" रोग गेला हे खरं. पण तो घालवताना दिलेली औषधं आणि शेक चांगल्या भागालाही लागतात. काही त्रास लगेच दिसतात, काही पाच-दहा वर्षांनी.

मानेला शेक घेतलेल्या माणसाचंच घ्या. तंबाखू, गुटखा, मिश्री यांच्यामुळे आपल्याकडे तोंडाचे कॅन्सर फार. हा माणूस दोन-तीन वर्षांनी सुस्तावतो, वजन वाढतं, उन्हातही थंडी वाजते. लोक म्हणतात, "बसून खाणं मानवलं." खरी गोष्ट अशी असू शकते, की शेकांमुळे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावली आहे. सहा महिन्यांनी-वर्षाने रक्ताची एक तपासणी, आणि गरज पडली तर रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. एवढ्याने माणूस पुन्हा कामाला लागतो. पण एकदा आळशी म्हणून शिक्का बसला की तपासणीला नेणार कोण?

त्याची लाळही आटते, म्हणून दात किडतात. इथे फार जपायचं. शेक घेतलेल्या जबड्यातला दात परस्पर उपटायचा नाही. जखम भरत नाही, हाड कुजू शकतं. दाताच्या डॉक्टरला आधी सांगायचं, "शेक झालेत." तोंडही पुरतं उघडत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या शरद पवारांवर 2004 साली तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. दात काढावे लागले, तोंड नीट उघडत नाही, गिळायला-बोलायला त्रास होतो, हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. मग आपल्या घरातल्याने भाकरी आमटीत कुस्करून, अर्धा तास लावून खाल्ली, तर पंगतीत त्याच्याकडे टक लावून बघू नये.

स्तनाच्या ऑपरेशनात काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज येऊ शकते, कधी वर्षांनंतरही. आणि आपलं मावळ म्हणजे भाताची खाचरं! लावणीच्या चिखलात ओरखडा चिघळला की ताप भरतो, सूज वाढते. लावणी बंद करा म्हणणं सोपं आहे. इंद्रायणी भातावर घर चालतं तिला ते कसं सांगणार? म्हणून रबरी हातमोजे घाला, ओझं दुसऱ्या हाताने उचला, संध्याकाळी हात धुऊन, पुसून, निरखून बघा. हात लाल किंवा गरम झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सूज आवरायला दाबाची बाही मिळते, व्यायामही असतात.

किमोच्या काही औषधांनी तळपाय बधिर होतात. शेकोटीला पाय पोळला तरी कळत नाही. काही औषधं हृदयाला बाधतात. कार्ल्याच्या लेण्याच्या पायऱ्या पूर्वी एका दमात चढणारी बाई निम्म्यावर बसली, तर वय झालं म्हणून सोडू नका. डॉक्टरांना किमोचं सांगा आणि हृदय तपासून घ्या.

भगिनींनो, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला शेक घेतल्यावर वर्षांनी शौचातून, लघवीतून रक्त जाऊ शकतं. ते शेकांमुळे आहे की रोग उलटला आहे, हे घरी बसून ठरत नाही. पाळी लवकर जाते, हाडं ठिसूळ होतात, नवरा-बायकोच्या संबंधात दुखतं. यावर इलाज आहेत, पण लाजेने बोललंच नाही तर डॉक्टरला कळणार कसं? पुरुष मंडळींनीही हे ऐकून ठेवावं.

आता फाईल. कोणतं औषध, किती डोस, शेक कुठे आणि किती, हे सगळं तिच्यात असतं. वीस वर्षांनी तळेगावच्या डॉक्टरलाही तेच लागेल. लोणावळ्याच्या पावसात कागद बुरसतो. म्हणून फाईल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, झेरॉक्स वेगळी ठेवा, मोबाईलवर फोटो काढा. आज भोजनानंतर आम्ही विहाराच्या ओट्यावर बसणार आहोत. ज्यांच्या घरी अशी फाईल आहे त्यांनी ती घेऊन यावं, कुठला कागद कमी आहे ते मिळून बघू.