राष्ट्रपतींची स्वाक्षरी

राज्य मंत्रिमंडळानें चालवावयाचें आणि स्वाक्षरी राष्ट्रपतींनीं करावयाची, ही आपल्या संसदीय प्रजासत्ताकाची रीत होय. मग राष्ट्रपतिपद केवळ शोभेचें काय? श्रोत्यांनीं दोन प्रसंग ताडून पाहावे.

२५ जून १९७५ च्या रात्रीं मंत्रिमंडळाची बैठक झालेली नसतांही फक्रुद्दीन अली अहमद यांनीं आणीबाणीच्या घोषणेवर स्वाक्षरी केली. मंत्रिमंडळास ती वार्ता दुसऱ्या दिवशीं सकाळीं कळली.

या अनुभवानंतर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें आणीबाणीसाठीं मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक झाला. शिवाय कोणताही सल्ला एकवार फेरविचारार्थ परत पाठविण्याचा अधिकार राष्ट्रपतींस मिळाला. तोच सल्ला पुनः आल्यास मात्र तो मानलाच पाहिजे.

ऑक्टोबर १९९७ मध्यें उत्तर प्रदेशांत राष्ट्रपति राजवट लागू करण्याची शिफारस के. आर. नारायणन् यांनीं परत पाठविली. गुजराल मंत्रिमंडळानें आग्रह सोडला, आणि विधानसभेचा विश्वास नुकताच संपादन केलेलें कल्याणसिंग सरकार टिकलें.

अखेरचा शब्द राष्ट्रपतींचा नव्हे, हें खरें. ‘पुनः विचार करा’ एवढेंच त्यांनीं म्हणावयाचें. परंतु तें म्हणावयास लागणारें धैर्य कोणतीही घटनादुरुस्ती देऊं शकत नाहीं. तें त्या पदावर बसणाऱ्या व्यक्तीनेंच बरोबर आणावें लागतें.