लाटांचा किनारा आणि त्यावरची माणसे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची सवय नाही. पण चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, "तुम्ही समुद्राजवळ राहता, तेव्हा समुद्रावरच बोला." म्हणून चार शब्द बोलते.

आपण बहुतेकजणी नवऱ्यांच्या नोकरीपायी या चेन्नईत आलो. समुद्र म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मालवण, रत्नागिरी, हर्णै उभे राहते. इथला समुद्र म्हणजे रविवारी मरीनावर जाऊन सुंडल खाण्याची जागा, एवढेच. कोवलम म्हटले तर सर्वांना केरळातले आठवते. त्याच नावाचे कोळ्यांचे गाव आपल्या शहराच्या दक्षिणेला महाबलीपुरमच्या वाटेवर आहे, हे किती जणींना ठाऊक आहे?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमला सर्फिंगच्या आशियाई स्पर्धा झाल्या. सर्फिंग म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा खेळ. भारताच्या रमेश बुदिहाळ यांनी त्यात कांस्यपदक मिळवले. त्या वेळी आमच्याकडे आलेले पाहुणे म्हणाले, "ही परदेशी थेरं आपल्याकडे कशाला?" ते मला फार लागले. उभ्या फळीचा खेळ हवाई बेटांकडचा, हे खरे. पण लाट ओळखायची, ती फोडून बाहेर जायचे आणि परतताना तिच्याच पाठीवरून किनारा गाठायचा, ही विद्या या किनाऱ्याला कोणी परदेशातून आणून दिलेली नाही.

इंग्रजांनी १६३९ साली इथे ठाणे मांडले, पण इथे बंदर नव्हते. सरळ उघडा किनारा आणि त्यावर सतत फुटणाऱ्या लाटा. मोठी जहाजे दूर खोल पाण्यात नांगर टाकीत. तिथून माणसे आणि माल किनाऱ्यावर आणायचा कोणी? तर इथल्या कोळ्यांनी. त्यांच्या मसुला होड्यांना खिळा नसे. फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. खिळे ठोकलेली होडी लाटेच्या तडाख्याने फुटायची, ही मात्र वाकायची आणि पुन्हा सरळ व्हायची. आपण गोधडी शिवतो ना, तसेच; टाका घट्ट हवा, पण कापड आवळता कामा नये!

सोबत असे कट्टुमरम. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. हलके ओंडके दोरीने बांधले की झाले. इंग्रजीतला 'कॅटामरान' शब्द यावरूनच गेला. होडी उलटली तर बुडणाऱ्यांना हीच माणसे वाचवीत. जहाजांवरची पत्रे ती आपल्या उंच टोपीत कोरडी ठेवून आणीत, असे जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे.

पुढे बंदर बांधायला घेतले, तर १८८१ च्या वादळाने त्याची मोठी मोडतोड केली. पुन्हा बांधले. बंदराच्या भिंतीने वाहती वाळू अडली. दक्षिणेला वाळू साचून मरीना रुंद झाला आणि उत्तरेला रायपुरमकडचा किनारा समुद्राने खाल्ला. ज्या वाळूवर आपण बसतो ती अशी आलेली आहे. एकाचे अंगण वाढले, दुसऱ्याचे गेले.

माझ्या दारी मासळी घेऊन येणाऱ्या बाईंना मी अक्का म्हणते. त्यांनी मला प्रवाहांची नावे शिकवली. दक्षिणेकडून उत्तरेला वाहणारा तो तेंडी, उत्तरेकडून दक्षिणेला येणारा तो वन्नी. त्यांचे वडील पहाटे लाटेचा आवाज ऐकून आज निघायचे की नाही ते ठरवीत. त्यांना कोणी विद्वान म्हटले नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत या किनाऱ्यावर हाहाकार उडाला. एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसे गेली. त्यानंतर मदत म्हणून फायबरच्या होड्या पुष्कळ आल्या आणि कट्टुमरम कमी कमी होत गेले. अक्कांच्या घरात आता ते बांधता येणारे कोणी उरलेले नाही. हे सांगताना त्या रडल्या नाहीत, नुसता तराजू उचलला.

पण सगळेच बुडाले असे नाही. कोवलमचे मूर्ती मेघवन हे कोळ्याचेच पोर. त्यांनी अरुण वासू यांच्या साहाय्याने २०१२ साली गावातच सर्फिंगची शाळा काढली. महाबलीपुरमच्या कमली नावाच्या मुलीवर आणि तिच्या आईवर २०१९ साली एक लघुपट निघाला. ती मुलगी चाकांच्या फळीवरही चालते आणि लाटेवरही. तिच्यामागे तिची आई ठाम उभी राहिली, हे आपण बायकांनी विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. आपण मात्र मुलींना पाण्यात पाय घालू देत नाही. "काळी पडशील," म्हणतो.

२०२३ च्या एप्रिलमध्ये लूप रोडवरच्या मासळीच्या टपऱ्या हटवल्या, तेव्हा कोळणी रस्त्यावर बसल्या. रहदारीची अडचण खरी असेल. पण हा किनारा ज्यांनी शतकानुशतके सांभाळला, त्या तिथे उपऱ्या कशा? आपले तंजावरचे मराठे राजे याच मुलखात पावणेदोनशे वर्षे नांदले. सरफोजी राजांनी मनोरा बांधला तोही याच समुद्रावर. तेव्हा या किनाऱ्याचा अभिमान धरण्याचा थोडा हक्क आपल्यालाही आहे, आणि हक्काबरोबर कर्तव्यही आले.

म्हणून मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. यंदाची सहल कोवलमला न्यावी आणि तिथल्या जाणत्या कोळ्यांकडून व कोळणींकडून समुद्राच्या गोष्टी ऐकून आपल्या वहीत लिहून घ्याव्यात. दुसरी, आपल्या मुलींना पोहायला शिकवण्यासाठी मंडळाने वर्ग काढावा. पहिले नाव माझ्या धाकटीचे लिहून घ्या. आणि बायकांना घेणार असाल, तर दुसरे माझे!