घरचा वर्ग आणि गावची शाळा



बडोद्यात शिक्षणाविषयी बोलावयाचे म्हणजे सयाजीराव महाराजांचे स्मरण आधी व्हावयाचेच. १८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले; १९०६ साली ते सर्व राज्यास लागू केले. गंमत अशी की, खुद्द महाराज शिकले ते राजवाड्यात, एलियटसाहेबांच्या देखरेखीखाली. घरी शिकलेल्या राजाने प्रजेच्या मुलांना शाळेत धाडले! कारण उघड आहे. राजवाड्यात शिक्षक येत होते. शेतकऱ्याच्या झोपडीत कोण येणार?

आम्हां शिक्षकांना शाळाबाह्य मुलांच्या पाहणीसाठी दारोदार फिरावे लागते. तेव्हा अगदी निरनिराळ्या घरांत एकच उत्तर मिळते, ‘‘मुलगी घरीच शिकते.’’ एका घरी आई पदवीधर, भिंतीवर नकाशा, आणि मुलगी आमच्या पाचवीच्या वर्गाला मागे टाकील अशी वाचणारी. दुसऱ्या घरी मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन चुलीपाशी उभी. आमच्या मोहल्ल्यातही हे आहे, झाकून काय उपयोग? सकाळी मौलवीसाहेबांकडे कुराणशरीफ वाचणे ही उत्तमच गोष्ट. पण तेवढ्याने त्रैराशिक येत नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलास शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले. घरच्या शिक्षणाची त्यात निराळी तरतूद नाही. मात्र उशिरा आलेल्या मुलास वयाला साजेशा वर्गात घ्यावे, असेही तोच कायदा सांगतो. शिवाय १४ वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावीची परीक्षा देता येते. पहिल्या घराला वाटा आहेत. दुसऱ्या घराला शाळेवाचून गती नाही, आणि ‘घरी शिकते’ या एकाच शब्दाखाली ते घर लपते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, घरी शिकणाऱ्या मुलाचे वाचन व गणित शेजारच्या शाळेने वर्षातून एकदा तरी पाहावे. त्या बदल्यात आपले मैदान व ग्रंथालय त्याला मोकळे करावे. हजेरीपटाबाहेरचे मूल म्हणजे उपद्रव, असे मानणारे आमच्या व्यवसायात पुष्कळ आहेत, ते कुरकुरतील.

आपल्या संस्थेचे वाचनालय सकाळी रिकामे असते. ते अशा मुलांना उघडे करावे. पदवीधर माता तेथे शिकवतील, रविवारी आम्ही येऊ. ती चुलीपाशी उभी असलेली मुलगीही यावी, कडेवरच्या भावासह आली तरी चालेल. तेथून तिला शाळेत पोहोचविणे आमच्याकडे.